डावीकडची फेक

बाप्टिस्ट डाबरेला धड बॅट धरता येत नव्हती आणि तो बोलिंग टाकायला आला की अंपायर तोंड फिरवून हसायचे, तरी शारजात त्याचं घर क्रिकेटवर चालत होतं. सगळी करामत त्याच्या उजव्या हाताची. वसईच्या शाळेत पीटीच्या एका वेड्या सरांनी त्याला बेसबॉलला लावलं, आउटफिल्डला म्हणजे मैदानाच्या पार टोकाला उभं केलं आणि तिथून सरळ फेकायला शिकवलं. पोरगा महाराष्ट्राकडून खेळला. पण आपल्याकडे बेसबॉल खेळून आलेल्याला कोणी चहा पाजत नाही, नोकरी तर दूरच. म्हणून तो दुबईला आला आणि जबल अलीच्या एका गोदामात खोकी उचलू लागला.

एका शुक्रवारी तो वाळूच्या मैदानाबाहेर गाड्यांच्या रांगेमागे मॅच बघत उभा होता. सिक्सर त्याच्या पायाशी येऊन पडला. त्याने चेंडू उचलला आणि परत फेकला, इतकंच. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि विकेटकीपर अन्वरच्या ग्लोव्हजमध्ये असा बसला, की अन्वर मागच्या मागे वाळूत बसला. तंबूखाली सूर्यकांत रेगे होते. हमरिया फ्री झोनमध्ये तेलाच्या टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीचे ते अ‍ॅडमिन मॅनेजर, आणि तिच्या क्रिकेट टीमचे कर्तेकरविते. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि विचारलं, "कोण रे तो?"

तेव्हा तिकडे असंच चालायचं. बड्या कंपन्या टीमसाठी माणसं नोकरीला ठेवत. व्हिसावर कुणी ड्रायव्हर, कुणी टाइमकीपर, आणि खरं काम शुक्रवारी मॅच जिंकायचं. बाप्टिस्ट झाला स्टोअरकीपर. स्टोअरची किल्ली कुठे असते हे त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

त्याची कारकीर्द सांगायची तर हाडांच्या हिशोबाने सांगावी लागेल. पहिल्याच मोसमात त्याने सीमारेषेवरून फेकलेल्या चेंडूने अजमानच्या एका बॅट्समनचा घोटा फोडला. मग एका श्रीलंकन पोराचे पुढचे दात गेले. अन्वरचं एक बोट त्याच्या फेकीनेच वाकडं झालं ते कायमचं, आणि अन्वर ते बोट मोठ्या मायेने सगळ्यांना दाखवायचा. बाप्टिस्ट माणसावर नेम धरत नसे. तो नेम स्टम्पवरच धरायचा, पण मध्ये कोणी आलं तर हात आखडायचा नाही. सरांनी तसंच शिकवलं होतं.

रेगेंना यातून वेगळाच नाद लागला. टीममध्ये त्यांनी रिवाज पाडला: समोरच्याच्या अंगावर चेंडू बसला तर शावर्मा, हाड मोडलं तर मिक्स ग्रिल. मॅच संपली की रेगे विचारायचे, "मग? आज शावर्मा की मिक्स ग्रिल?" आणि अख्खी टीम खिदळायची. समोरचेही काही साधू नव्हते. एकदा स्टम्प उपटून दोन्ही टीम एकमेकांवर धावल्या, तेव्हा बाप्टिस्टच्या कपाळाला तीन टाके पडले आणि अन्वरने एकाचा कान दातांनी धरला. त्या रात्री रेगेंनी सगळ्यांसाठी मिक्स ग्रिल मागवलं. बाप्टिस्टही हसत हसत खायचा. नाही कशाला म्हणायचं? बोट मोडलेलं माणूस महिन्याभराने पुन्हा खेळायला येतंच की.

टीमबाहेर त्याचा एकच जिवलग होता, गणू. गुहागरकडचा वेल्डर. कंपनीच्या लेबर कॅम्पात राहायचा आणि कॅम्पामागच्या वाळूत टीमची प्रॅक्टिस असली की धावायला यायचा. बाप्टिस्टच्या फेकीसमोर धावायला ऑफिसातलं कुणी तयार नव्हतं, गणू मात्र हौसेने धावायचा. लबाड बॅट्समन जसा फेकीच्या आड येऊन धावतो, तसा तो बाप्टिस्टकडे पाठ करून नेमका स्टम्पच्या रेषेत पळायचा. डाव्या खांद्यावरून मागे बघायचा. बाप्टिस्टचं कोपर वर गेलं रे गेलं, की टुणकन डावीकडे उडी. उजव्या हातात बॅट असायची, म्हणून नेहमी डावीकडेच. तो होता त्या जागेवरून चेंडू सणसणत जायचा आणि स्टम्प उखडायचा.

"बाप्टीशेट, तुझा चेंडू सरळ येतो म्हणून मी जिवंत आहे," गणू धापा टाकत म्हणायचा. "ज्या दिवशी तू चुकलास, त्या दिवशी मी खलास."

"मग मी चुकणारच नाय," बाप्टिस्ट म्हणायचा.

नाताळात गणू त्यांच्या घरी यायचा. बाप्टिस्टच्या बायकोने, डेझीने, तळलेले मैद्याचे फुगे डुकराच्या तिखट इंदेलात बुडवून बुडवून खायचा आणि त्यांच्या लेकीला, छोट्या फियोनाला, पाठीवर घेऊन घरभर रांगायचा.

मग दोन हजार आठचं ते साल सरत आलं. मंदी आली, क्रेन जागच्या जागी थांबल्या, विमानतळाच्या पार्किंगमध्ये लोक गाड्या टाकून पळाले, आणि कालपर्यंत टाय लावून ऐटीत फिरणारी माणसं एकमेकांना हळू आवाजात विचारू लागली, "तुझं काय?" डेझी एका हॉटेलात रिसेप्शनला होती. तिची नोकरी सगळ्यात आधी गेली. आता त्या तिघांचं तिकडचं राहणं बाप्टिस्टच्या एका व्हिसावर लटकत होतं, आणि तो व्हिसा होता टीमवर. टाक्यांची गिऱ्हाइकं पळालेली असताना कंपनी क्रिकेट टीम कशाला पोसेल?

जानेवारीत रेगेंनी टीमला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"वरून प्रेशर आहे. टीम डिझॉल्व्ह करा म्हणतायत. मी म्हटलं, सर, ये लडके काम के हैं. उद्या सकाळी कॅम्पातली माणसं एअरपोर्टला न्यायची आहेत. ती बसमध्ये चढत नाहीयेत. तुम्ही फक्त येऊन उभं राहायचं. बॅट्स घेऊन."

"पोलीस?" अन्वरने विचारलं.

"पोलीस आले तर बातमी होते, हबीबी. तुम आओगे तो कुछ नहीं होता." रेगेंनी बाप्टिस्टकडे बघितलं. "बाप्टिस्ट, तुझी फॅमिली इथे आहे ना? मग समजून घे. उद्या जो येईल त्याची नोकरी राहील. बाकीच्यांचं मी काही सांगू शकत नाही."

कॅम्पात गणूही होता. बाप्टिस्टला ते ठाऊक होतं आणि रेगेंनाही. घरी येऊन त्याने डेझीला सांगितलं. डेझी भांडी घासता घासता म्हणाली, "उभं तर राहायचंय ना नुसतं? राहा उभा. मागे राहा." बिचारीने दुसरं काय सांगायचं होतं?

सकाळी ते पिकअपमधून पोचले, तेव्हा फाटकात बस उभी होती आणि तिच्या समोर माणसंच माणसं. हाती काही न देता घरी पाठवणार म्हणून ती पेटली होती. बॅट्स दिसल्यावर आणखी पेटली. पहिला दगड कुठून आला कोण जाणे, पण बसची काच फुटली आणि मग कोणाला कोणाचं भान राहिलं नाही. अन्वरने एकाच्या पोटात बॅट खुपसली. कोणीतरी सळईने त्याच्या पाठीत हाणलं. टीमचा एक पोरगा खाली पडला तो उठेचना, त्याच्या तोंडावर चपला घातलेले पाय पडत होते. एका म्हाताऱ्या फिटरचं डोकं फाटकाच्या पत्र्यावर आदळलं आणि पत्रा लाल झाला. माणसं रडत होती आणि रडता रडता मारत होती. काल ज्यांनी एका टाकीच्या पोटात बसून डबा खाल्ला, ती कामगार माणसंही आज, कोणी बसमध्ये चढायला निघालं म्हणून, एकमेकांच्या केसांना धरून ओढत होती.

बाप्टिस्ट मागे होता. सवयीने आणलेला वसईचा जुना बेसबॉल त्याच्या मुठीत होता, नुसता आधाराला. रेगे त्याच्या शेजारी उभे होते, गाडीच्या दाराआड.

तेवढ्यात गर्दीतून गणू सुटला. हातात मोठा पाना. पाठमोरा धावत तो थेट बसच्या ड्रायव्हरकडे निघाला. ड्रायव्हर घाबरून स्टिअरिंगवर वाकला होता.

"पाड त्याला!" रेगे ओरडले. "पाड, नाहीतर तो ड्रायव्हरला मारेल! व्हिसा पाहिजे ना तुला?"

बाप्टिस्टने हात मागे नेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मुद्दाम चुकायचं ठरवलं. गणूच्या उजवीकडे अन्वर दोघांशी झुंजत होता, तिकडे फेकता येणार नव्हतं. डावीकडे बसचा मोकळा पत्रा होता. हातभर डावीकडे मारावा, पत्रा धाडकन वाजावा, गणू दचकून थांबावा, रेगेंचंही समाधान व्हावं. एवढाच त्याचा हिशोब. गणू पाठमोरा होता, त्याने बघितलेलंही नव्हतं.

कोपर वर गेलं, आणि रेगे पुन्हा किंचाळले, "मार, बाप्टिस्ट!"

नाव ऐकून गणूने डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं. त्याला कोपर दिसलं. आणि चार वर्षं वाळूत जे केलं तेच त्याने केलं. टुणकन डावीकडे उडी मारली.

आवाज पत्र्याचा आला नाही. ओल्या मातीत कुदळ बसावी तसा आला. गणू गुडघ्यांवर बसला, तोंडावर हात धरून, आणि त्याच्या बोटांमधून रक्त मनगटापर्यंत धावत आलं. पाना खाली पडला. मग एक एक करून माणसं मुकाट्याने बसमध्ये चढायला लागली.

रेगेंनी बाप्टिस्टच्या पाठीवर थाप मारली. "काय नेम आहे! मूव्हिंग टार्गेट!"

बाप्टिस्ट गाडीच्या चाकामागे जाऊन ओकला.

पोलिसांना रेगेंनी सांगितलं, दगडफेकीत लागलं. बस गेली होती, सांगायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. संध्याकाळी बाप्टिस्टच्या दारावर बेल वाजली. डिलिव्हरीवाला होता. रेगेंकडून मिक्स ग्रिल, मोठं. बाप्टिस्ट बाथरूममध्ये हात धूत होता, कितीतरी वेळ. बाहेर आला तेव्हा फियोना कबाब खात होती आणि डेझी विचारत होती, "आज तर मॅच नव्हती, मग हे कशाचं?" त्याने सगळं ताट उचलून कचऱ्यात उलटं केलं. हातातला तुकडासुद्धा काढून घेतला म्हणून फियोना भोकाड पसरून रडली.

डोळा गेला होता. डावा. दवाखान्यात गणू पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"गणू, मी तुला मारला नाही. बाजूला मारला होता. पत्र्यावर."

गणू वळला. मग हसला, आणि ते हसू बघवत नव्हतं. "तू? बाजूला? चार वर्षं तुझ्यासमोर धावलोय रे. तू बाजूला मारतोस होय कधी?"

"आईशप्पथ सांगतो."

"नोकरी पाहिजे होती तर तसं सांग. पोर आहे तुला, मी समजलो असतो. पण खोटं बोलू नको. जा इथून."

या जगात बाप्टिस्टचा नेम चुकला यावर विश्वास ठेवणारा एकही माणूस नव्हता. डेझीला सांगितलं तर ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली. अन्वर म्हणाला, "छोड ना यार, जो हुआ सो हुआ." आणि रेगे तर ऑफिसात येईल त्याला ती गोष्ट रंगवून सांगत. पँट्रीत, लिफ्टमध्ये, फोनवर. "असा धावत होता, आणि याने, एका फेकीत!" प्रत्येक वेळी फेक थोडी लांब होत गेली. टीम वाचली. बाप्टिस्टचा व्हिसा रिन्यू झाला. आणि त्याच्या डोक्यात दिवसरात्र एकच घण पडू लागला: लोकांना माझा नेम पाहिजे ना? मग घ्या.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सेमीफायनल होती. रेगे नेहमीसारखे तंबूत, विकेटकीपरच्या मागे बऱ्याच अंतरावर, प्लास्टिकच्या खुर्चीत, चहाचा कप घेऊन. शेजारी कोणी पाहुणे. रेगे हात वर करून काहीतरी दाखवत होते, कोपर मागे, मग पुढे. लांबून ऐकू येत नव्हतं, पण बाप्टिस्टला कळलं ते काय सांगतायत. पाहुणे हसले.

चेंडू त्याच्याकडे आला. बॅट्समन दुसऱ्या धावेसाठी निघाले. अन्वर स्टम्पमागे ग्लोव्हज पसरून ओरडला, "यल्ला, जल्दी, बाप्टी!" बाप्टिस्टने चेंडू उचलला, दोन पावलं घेतली आणि फेकला. चेंडू अन्वरच्या वरून वीतभर उंच गेला, खाली आला आणि सूर्यकांत रेगेंच्या जबड्यावर बसला. खुर्ची मागे उलटली. रेगे हातांपायांवर उठायला बघत होते आणि तोंडातून दात वाळूत पडत होते, चहात आणि रक्तात भिजलेले. ते काहीतरी म्हणत होते पण जबडा एका बाजूला लोंबत होता, शब्द होत नव्हते.

क्षणभर बाप्टिस्टला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झाला. अगदी पोटातून झाला. मग रेगेंची बायको साधना धावत आली आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन गुरासारखी हंबरली. तेव्हा तो आनंद कुठल्या कुठे गेला आणि फक्त हात तेवढा दुखत राहिला.

अंपायरने चार धावा दिल्या. ओव्हरथ्रो. अन्वर जवळ आला. "कैसे मिस हो गया, बाप्टी? तू तो कभी मिस नहीं करता."

सगळे तेच म्हणाले. चुकला. टेन्शन असेल, ऊन असेल. पोलीसकेस नाही, काही नाही. फक्त महिन्याभरात टीम बंद झाली आणि स्टोअरकीपर डाबरेचा व्हिसा कॅन्सल झाला. नेमावर ठेवलेल्या माणसाचा नेम गेला, मग त्याला ठेवायचा कशाला? सामान बांधताना फियोनाने विचारलं, "डॅडी, यू नेव्हर मिस. व्हाय डिड यू मिस?" डेझीने तिला दटावलं आणि बाप्टिस्टकडे एकदा नीट बघितलं. तिला समजलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो कॅम्पावर गेला. कॅम्प ओस पडला होता. कागद अडकले म्हणून गणू आणि आणखी चार-दोन जण तेवढे राहिले होते. गणू कॅम्पामागच्या वाळूत, पाण्याच्या पत्र्याच्या टाकीच्या सावलीत बसला होता. त्याने बाप्टिस्टला बघितलं आणि हाकलून दिलं नाही.

"रेगे साहेबाला लागला म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"चुकलास?"

"नाही."

गणू वाळूत बोटाने रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "आणि माझ्या वेळेला?"

"तेव्हा चुकलो. मुद्दाम."

गणू उठला, खोलीत गेला आणि परत आला. त्याच्या हातात बेसबॉल होता. शिवणीत काळं पडलेलं रक्त होतं. "पुरावा म्हणून उचलून ठेवला होता. कोणी मागितलाच नाही." त्याने तो बाप्टिस्टच्या हातात दिला. "जा, तिकडं उभा राहा. तेव्हा जसा मारलास, तसाच मार. हातभर डावीकडं."

"वेडा झालास काय, गणू?"

"मार. नाहीतर परत मला तोंड दाखवू नको."

तो चालत टाकीच्या दिशेने गेला आणि बाप्टिस्टकडे पाठ करून उभा राहिला, पूर्वीसारखाच रेषेत. डाव्या खांद्यावरून मान मागे वळवली, पण त्या बाजूला आता डोळा नव्हता. नुसती शिवलेली पापणी. त्याला कोपर दिसणार नव्हतं.

बाप्टिस्टने दोनदा हात उचलला आणि दोनदा खाली घेतला. तिसऱ्यांदा त्याने सरांना आठवलं, डोळे उघडे ठेवले आणि फेकला.

गणू हलला नाही. चेंडू त्याच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावरून गेला आणि टाकीच्या पत्र्यावर धाडकन आदळला. सगळा रिकामा कॅम्प वाजला.

गणू तसाच उभा होता. मग त्याने हळूच डावा हात बाजूला पसरला आणि चेंडू जिथून गेला ती हवा चाचपून बघितली. तो मटकन वाळूत बसला.

"म्हणजे मी हललो नसतो तर डोळा राहिला असता," तो म्हणाला. बाप्टिस्ट धावत त्याच्याकडे गेला.